अण्णाची कापलेली अंगाई

शोकसभेत जो उठला त्याने तेच सांगितलं : अण्णाचा चित्रपट परदेशातल्या महोत्सवात गेला होता. मी मागे दातओठ खात बसले होते. माझा थोरला भाऊ जाऊन महिना होत आला, आणि त्याचं मोठेपण मोजायला या लोकांना विमानप्रवासापलीकडे काही सापडू नये?

अण्णा चित्रपटांचा संकलक. एक कन्नड चित्र त्याने जीव ओतून जोडलं होतं. घर सोडून निघालेली सून तळ्याच्या बांधावर येते, तिथे धुणं धुणारी बाई बाळासाठी अंगाई म्हणत असते, ती ऐकून सून मागे फिरते. बेंगळुराजवळ येलहंक्याला ते गाणं चित्रित झालं तेव्हा मी तिथे होते. डोळे पुसत नव्हतं असं कुणी नव्हतं...

मग महोत्सवाचं बोलावणं आलं. निर्माते म्हणाले, "गाणी काढा. गोरे लोक हसतात."

"सर, मग ती परत का फिरते?"

"ते शहाणे आहेत, त्यांना कळतं."

तेव्हा सगळ्यांचीच ही समजूत. पाहुण्यांकडे जायचं तर आपलं असेल ते आधी झाकायचं! अण्णाने स्वतःच्या हाताने अंगाई कापली. बक्षीस मिळालं नाहीच. उलट तिथल्या एका बाईने दुभाष्याकरवी अण्णालाच विचारलं, "तुमच्या चित्रांत गाणी असतात ना? आणि ती सून परत का फिरली?"

निर्मात्यांनी तेच कापलेलं चित्र 'परदेशात गेलेलं' म्हणून बेंगळुरात लावलं. लोकांनी शिट्ट्या मारून पाडलं. तेलही गेलं, तूपही गेलं. त्याच वर्षांत आपली गाण्यांची चित्रं दूरदूरच्या बंदरांत थिएटरं भरत होती, पण ती गर्दी यांच्या लेखी यश नव्हे. खलाशी आणि हमाल बघतात म्हणे! कोटवाल्या परीक्षकांनी मान डोलावली तरच आपण मोठे. या मापाने माझ्या भावाचा हात मोडला. त्याने पुन्हा कात्री धरली नाही, यशवंतपूरच्या एका वखारीत कारकुनी करत राहिला.

कापलेल्या अंगाईची फीत मात्र त्याने पत्र्याच्या डब्यात, देवघराशेजारच्या फळीवर ठेवली होती. कामाला निघताना डब्यावर हात ठेवून जायचा.

सभेनंतर निर्माते घरी आले. अण्णाच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरवायचं होतं, त्यात डबा हवा होता. "परदेशात गेलेल्या चित्राची आठवण, अक्का," ते वहिनीला म्हणाले. माझ्या तोंडात शिवीच आली होती. वहिनीने हाताने मला थांबवलं.

"सर, स्वल्प, जरा बसा, कॉफी घ्या. डबा मिळायचा नाही. जे परदेशी गेलं ते तुमचं. हे मागं राहिलं, हे आमचं."

त्यांनी कॉफी घेतली नाही. वहिनीने डबा पदराने पुसला, फळीवर ठेवला, आणि अण्णा ठेवायचा तसाच त्यावर हात ठेवला.