चुन्याचा चंद्र

दादाराव मेश्रामला कुणी विचारलं, की बाबा रे, तुझा आणि पऱ्यांचा संबंध काय, तर तो गुपचूप चष्मा पुसायला लागायचा. सिंगापूरच्या बुकित बातोक भागातल्या कारखान्यात लोखंडी सांधे तपासणारा अठ्ठावन्न वर्षांचा इंजिनिअर. दाखला नसेल तर साधा बोल्टसुद्धा दारातून पुढे जाऊ द्यायचा नाही. आणि हा माणूस गेली नऊ वर्षं दर शनिवारी एमआरटी मेट्रोने लायब्ररीत जाऊन एका जुन्या इंग्रजी परीनाटकाच्या हात धुऊन मागे लागला होता.

नाटक तसं बाळबोधच. पऱ्यांची राणी माणसांत राहायला येते, प्रेमात पडते आणि पस्तावते. लंडनला ते गाजलं, मग छापील प्रती बोटीने मुंबई, रंगून, सिंगापूरच्या गोऱ्या क्लबांत पोहोचल्या आणि तिथल्या हौशी साहेबांनी पाठीला पंख लावले. मडमा कमी पडल्या की बँकेतला एखादा कारकून मिशी उतरवून परी व्हायचा. इथल्या दमट हवेत पंखांची खळ सुटायची आणि दुसऱ्या अंकापर्यंत पऱ्या भिजलेल्या कोंबड्यांसारख्या दिसायच्या. दादारावने असे सात प्रयोग तारखांसकट शोधून काढले होते. पण जीव अडकला होता तो एकाच प्रयोगात, १८९३ साली सिंगापुरात झालेल्या.

कारण त्या प्रयोगातला चंद्र त्याच्या पणजोबांनी उगववला होता. म्हणजे घरात तसं सांगत. तानबा हे त्यांचं नाव. नागपूरकडून एका फौजी साहेबाचा नोकर म्हणून ते इथे आले. त्या काळी रंगमंचावर चांदणं पाडायला चुन्याच्या कांडीवर गॅसची ज्योत सोडत. ज्योत सांभाळत, कांडी फिरवत, डोळे भाजून घेत उभं राहायचं. जरा चुकलं की भडका. साहेब असलं काम स्वतःच्या हाताने कशाला करतोय! ते तानबाने केलं आणि साहेबाने खूश होऊन तशी चिठ्ठी लिहून दिली. हे सगळं नागपूरच्या हिराआत्याला तोंडपाठ होतं. चिठ्ठी कुठे आहे, असं विचारलं की मात्र ती म्हणायची, "गेली," आणि विषय बदलायची.

यंदा इथल्याच एका नाटकमंडळीने तो खेळ पुन्हा बसवला. दिग्दर्शिका मिस लिमला दादारावच्या खटपटीचा सुगावा लागला. प्रेक्षकांना वाटायच्या पुस्तिकेत या नाटकाचा इथला इतिहास छापू, असं ती म्हणाली. दादाराव हरखला. त्याच भरात त्याने ऐंशी वर्षांच्या हिराआत्याला फोन करून सांगून टाकलं, की तानबाचं नाव छापून येणार. घोडचूक! आत्याने ती बातमी दुसऱ्याच दिवशी विहारात सगळ्यांना सांगितली.

मग मिस लिमने विचारलं, "चांदणं तानबांनी पाडलं, याला पुरावा काय?"

"आमच्या घरात सांगतात," दादाराव म्हणाला. म्हणताना त्यालाच ओशाळं वाटलं. छापील पुरावा एकच होता, आणि तो त्यानेच खणून काढून, तारीख आणि पान क्रमांकासकट, इमानदारीने तिला पाठवला होता. वर्तमानपत्रातल्या त्या परीक्षणात लिहिलं होतं, 'सुंदर चांदण्याबद्दल लेफ्टनंट हार्विल यांचे आभार.' हार्विल म्हणजे तोच तानबाचा साहेब.

मिस लिम काही वाईट बाई नव्हती. "कागद नसेल तर मी कसं छापू? तुम्हीच सांगा," ती म्हणाली. हेच वाक्य दादारावने कारखान्यात आजवर किती जणांना ऐकवलं असेल! मनातून त्याला त्या मेलेल्या लेफ्टनंटचा गळा धरावासा वाटत होता.

रविवारी दुपारच्या खेळाला तो मुलीला, जान्हवीला, घेऊन गेला. तिने पुस्तिका उघडली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजी थाटात ओरडलीच, "पप्पा, लुक! हार्विलच्या खाली फुटनोटमध्ये तुझं नाव आहे. सो कूल, लाह!"

खरंच होतं. साहेबाला चंद्र बहाल केला होता आणि त्याखाली बारीक अक्षरात साक्षीदार म्हणून दादाराव मेश्राम. पडदा वर गेला, कॉम्प्युटरवरून कुणीतरी चांदणं सोडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादारावच्या डोळ्यांत पाणी आलं ते निव्वळ संतापाचं.

मध्यंतरात आत्याचा फोन आला. "छापलं का रे नाव?"

त्याच्याने खोटं बोलवेना. "नाही, आत्या. साहेबाचं छापलं. कागद लागतो म्हणतात."

"कागद होता रे," आत्या म्हणाली. "देवांच्या पेटीत, तळाशी. छप्पन साली दीक्षा घेतली, मग वस्तीतल्या सगळ्यांनी घरातले देव नदीत सोडले. आपली पेटी माझ्याच डोक्यावर होती. बारा वर्षांची होती मी. अशी हरखली होती, की न उघडताच सोडून दिली."

त्या दिवसानेच वस्तीतली पोरं शाळेत धाडली, दादारावलाही धाडलं. त्या दिवसाला बोल लावायला त्याची जीभ रेटेना.

"बरं केलंस, आत्या."

"बरंच केलं," आत्या म्हणाली. ती रडत होती. "पण एकदा उघडून पाहायला पाहिजे होती रे."