चाकाची दुसरी बाजू

सुधीरदादाबरोबर सायकलवर जाणाऱ्या परेशचा फोन आला तेव्हा माझं दूध गॅसवर होतं. गॅस बंद केला, मग फोन घेतला. सकाळचे फोन मला घाबरवत नाहीत. ऑफिसातलं कुणीतरी रजा मागायला करतं. परेश म्हणाला, "नीताताई, दादांना वरळीला चक्कर आलीय. आम्ही हॉस्पिटलात आहोत. वहिनींना घेऊन या." आवाजावरूनच कळलं की चक्कर हा शब्द त्याने माझ्यासाठी निवडला होता. दादरहून निघून लालबागला वहिनींना घेतलं आणि टॅक्सी वरळीकडे वळवली. वाटेत वहिनी एवढंच म्हणाल्या, "चष्मा घरीच राहिला त्यांचा."

आम्ही पोचलो तेव्हा सुधीरदादा गेलेला होता. मी कागदपत्रांच्या मागे लागले. कुणीतरी लागायला हवंच होतं, आणि आमच्या घरात ते काम नेहमी माझ्याकडे येतं. वहिनी त्याच्याजवळ बसल्या. त्यांनी त्याचा उजवा हात उचलला, पंजा उलटा केला, बोटं निरखून पाहिली. मग डावा उचलला, तोही तसाच पाहिला. दुःखात माणसं काहीही करतात, असं म्हणून मी ते तेव्हा सोडून दिलं.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर कामं किती निघतात, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. दाखल्याच्या प्रती, बँक, पेन्शन, गॅसचं नाव, सोसायटीचं नाव. मी यादी करते आणि एकेक ओळ खोडते. थकवा कामाचा नाही येत. प्रत्येक काउंटरवर 'तुमचे कोण?' असं विचारतात आणि प्रत्येक वेळी 'भाऊ' म्हणावं लागतं, त्याचा येतो.

दादा लिफ्टच्या कंपनीत नोकरीला होता. सायकली जोडणं हा त्याचा उद्योग त्याआधीपासूनचा, आणि नोकरी संपल्यावर तर दुसरं काही उरलंच नाही. चाळीतल्या आमच्या त्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत छताला आकडे ठोकलेले. आकड्यांना फ्रेम टांगलेल्या, खिडकीपाशी चाकं आणि आऱ्यांचे जुडगे. पाहुणा आला की आधी मान वाकवायचा, मग बसायचा. आई होती तोवर तिची तक्रार ठरलेली, "घरात माणसा कमी नि चाका जास्त."

त्याच्याकडे येणारे बहुतेक करी रोडच्या, परळच्या टॉवरमधले. परदेशातून मागवलेले हलके सुटे भाग पिशवीतून घेऊन यायचे आणि विचारायचे, दादा, हे बसवलं तर किती ग्रॅम कमी होईल? एकाच्या पोटाकडे बघून दादा म्हणाला होता, "आधी वडापाव बंद कर रे. तो माल तर फुकटात उतरतो." तो माणूस चिडला नाही, कारण दादाने त्याचं माप घ्यायला सुरुवात केली होती. भिंतीला पाठ लावून उभं करायचा, पायांत एक जाडं पुस्तक धरायला सांगायचा आणि पेन्सिलने भिंतीवर खूण. त्या भिंतीवर अजून सगळ्यांच्या खुणा आहेत, नावांसकट.

त्याचा एक नियम होता आणि त्यावरून काही गिऱ्हाइकं गेलीसुद्धा. सायकल जोडून झाली की तो तिला रंग देत नसे. नुसत्या लोखंडाला तेलाचं फडकं मारून द्यायचा. महिनाभर तशीच चालव, कुठे दुखतं, कुठे अवघडतं ते मला येऊन सांग, मग सीट, हँडल काय हलवायचं ते हलवू, आणि मग रंग. रंग दिला की माणूस तक्रार करायचा थांबतो, असं त्याचं म्हणणं. त्याची स्वतःची सायकल मात्र कायम बिनरंगाची राहिली. मी एकदा विचारलं, ही कधी रंगवणार? "माझी अजून ठरायचीय गो," म्हणाला.

ती सायकल फिक्स्ड होती. म्हणजे काय ते मला त्याने एकदाच सांगितलं, पण नीट सांगितलं. आपल्या साध्या सायकलीवर आपण पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, टिकटिक आवाज करत. फिक्स्डमध्ये मागचा गिअर चाकालाच घट्ट बसवलेला. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. उतार असो, वारा पाठीशी असो, पायांना सुट्टी नाही. मला हे भयंकर वाटलं होतं. त्याला तेच आवडायचं. रस्ता पायांना कळतो, म्हणायचा. ती टिकटिक त्याला सोसत नसे. तिला तो रातकिडा म्हणायचा.

गेल्या वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट घातला. डॉक्टरांनी हळूहळू सायकल चालवायची परवानगी दिली, तेव्हा पलंगापाशी उभ्या राहून वहिनींनी एकच गोष्ट मागितली. त्याच्या मागच्या चाकाला दोन बाजू होत्या. एका बाजूला तो फिक्स्ड गिअर, दुसऱ्या बाजूला साधा, पाय थांबवू देणारा. चाक काढायचं, उलटं करून बसवायचं की सायकल बदलली. वहिनी म्हणाल्या, "सायकल सोडा म्हणत नाही. पण ते चाक फिरवा. दमलात तर पाय तरी थांबवता येतील."

"बरं," दादा म्हणाला.

"बरं म्हणजे? नीता समोर आहे, नीट सांगा."

"फिरवतो गो बाई चाक."

घरी आल्यावर त्याने माझ्यासमोर चाक फिरवलं. आधी तो सायकल खांद्यावर टाकून जिन्यापर्यंत न्यायचा, तो आता गॅलरीतून ढकलत न्यायला लागला, सगळ्या चाळीला टिकटिक ऐकवत. मी एकदा मुक्कामाला होते तेव्हा पाहिलं. वहिनी आतून ऐकत होत्या. आवाज जिन्याशी थांबला की त्या चहाचं आधण ठेवायला उठायच्या.

त्या दिवशी वरळीहून परेशनेच सायकल घरी आणली. टॅक्सीत मावेना म्हणून दोन्ही चाकं काढून आणली होती. फ्रेम भिंतीला टेकवली, चाकं गोणपाटात. तेराव्यापर्यंत तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. नंतर एका दुपारी आम्ही दोघी कपाट आवरत होतो आणि वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या यादीत आणखी एक लिही. परेशला विचार, चाक काढलं तेव्हा कुठल्या बाजूने लावलेलं होतं."

मी लिहिलं, आणि बाकीच्या सगळ्या ओळी खोडून झाल्या तरी ती तशीच राहिली. मला भीती होती उत्तराची. चाक फिक्स्डच्या बाजूला निघालं, तर वहिनी उरलेलं आयुष्य असं समजून काढणार, की आपल्याला दिलेला शब्द मोडून, पायांना उसंत न देता हा माणूस गेला. रागावायला समोर माणूस नाही, अशा रागाचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

शेवटी एका रविवारी करी रोडला गेले. परेश टॉवरमध्ये राहतो, त्याची पहिली सायकल दादाने जोडलेली. रोज सकाळी दोघं बरोबर निघायचे. मी विचारल्यावर त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, वहिनींना सांगणार असाल तर..." आणि थांबला. मी म्हटलं, सांगणारच आहे, तू बोल. तेव्हा त्याने सांगितलं. दादाच्या खिशात पंधरा नंबरचा पाना असायचा. परळच्या पुलाखाली पोचले की दादा सायकल उलटी करायचा, चाक काढायचा, फिक्स्डची बाजू लावायचा. परतताना त्याच जागी पुन्हा उलटं. वर्षभर, रोज. परेश हसायचा, की दादा, एवढ्या वेळात आपण हाजीअलीला पोचलो असतो. दादा म्हणायचा, "घरी टिकटिक पोचली पाहिजे ना रे."

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं.

"त्या दिवशीही पाना काढला. हातात धरून जरा वेळ उभे राहिले. मग खिशात ठेवला. म्हणाले, आज राहू दे, कंटाळा आलाय... मला तेव्हाच कळायला हवं होतं, ताई. दादांना त्या कामाचा कंटाळा?" तशीच टिकटिकत सायकल वरळीला गेली, समुद्राच्या कठड्याला टेकली, आणि दादा तिच्याशेजारी बसला तो उठलाच नाही.

करी रोडहून लालबागला मी चालत आले. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. वर्षभर फसवलं हेही खरं, शेवटच्या दिवशी शब्द पाळला हेही खरं. गोड वाटेल तेवढंच सांगावं, असं एकदा वाटलं. पण वहिनींनी विचारलेलं काम होतं ते. अर्धं करून खोडता आलं नसतं.

वहिनी कुळथाची पिठी ढवळत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पुलापासून कठड्यापर्यंत. त्यांचा डाव थांबला नाही.

"रोज फिरवायचे ते ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "सकाळी अंघोळ करून निघायचे नि चेनचं काळं हाताला घेऊन यायचे. मोरीवर साबण कोण ठेवत होतं?"

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

"विचारलं असतं तर त्यांना एकतर ते सोडावं लागलं असतं, नाहीतर माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं. दोन्ही नको होतं मला. आवाज करत जातायत ना माझ्यासाठी, म्हटलं, जाऊ देत." त्यांनी गॅस बारीक केला. "त्या दिवशी हात स्वच्छ होते गो. दोन्ही बघितले मी. वाटलं, हॉस्पिटलात कुणी पुसले असतील. पुसलेलेच असू देत, असं मनात म्हणत होते... म्हणजे नेहमीसारखं चाक फिरवून गेले, असं तरी झालं असतं. बरं वाटत नव्हतं आणि मला न सांगता गेले, हे नको होतं."

मी ताटं घेतली.

जेवण झाल्यावर त्यांनी दादाचा पाना काढून दिला. परेशने तो त्याच्या कपड्यांबरोबर आणून दिला होता. म्हणाल्या, चाकं लावून टाक, सायकल अशी सुटी बघवत नाही. मी आयुष्यात पाना धरलेला नाही, पण सांगितल्यासारखं करता येतं. परेशला फोनवर ठेवून त्याच्या सूचनेबरहुकूम पुढचं चाक बसवलं. मागचं उचललं आणि विचारलं, "वहिनी, कुठली बाजू?"

"त्यांची," त्या म्हणाल्या.

आता ती सायकल बाहेरच्या खोलीत आकड्यावर टांगलेली आहे. बाकीच्या फ्रेम ज्याच्या त्याला गेल्या, खोलीत मान न वाकवता शिरता येतं, आणि तरी मी अजून वाकते. रंग नसल्यामुळे तिला तेलाचं फडकं मारावं लागतं, नाहीतर दमट हवेत लोखंड गंजतं. माझ्या यादीत मी ते लिहून घेतलं होतं, दर रविवारी. गेल्या रविवारी पोचले तर ते काम आधीच उरकलेलं. मागचं चाक अजून मंद फिरत होतं, त्याच्याबरोबर पॅडलही, आवाज न करता. वहिनी मोरीवर उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले, काळेकुळकुळीत, आणि म्हणाल्या, "साबण सरकव जरा."