बाटलीतलं तुळशीचं पान

काशीत जन्मलेल्या माणसाला काशी सोडावीशी वाटते, हे बाहेरच्यांना पटत नाही. लोक इथे मरायला येतात, म्हातारपणी घरदार विकून येतात. आणि मी ऐन तारुण्यात इथून पळायची वाट शोधत होतो. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागे. चिकटणारा बहुधा मीच असे, कारण समोरचा कुणीतरी वडिलांच्या ओळखीचा, काकांच्या नात्यातला, नाहीतर निदान मला नागडं खेळताना पाहिलेला तरी असायचा. सगळी मराठी घरं, सगळे भिक्षुक नाहीतर शास्त्री. त्यांतला मी एकटाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो आणि नदीचं पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत चिकटलो. वडील घाटावर यात्रेकरूंना त्याच पाण्यात उभं करून संकल्प सांगत. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, आणि तो अबोला मला शिव्यांपेक्षा जास्त टोचायचा.

काम ऐकायला सोपं होतं. पहाटे नावेत बसायचं आणि आधी वर, असी घाटाच्याही पलीकडे जायचं, जिथे शहराची घाण अजून नदीत उतरलेली नसे. तिथून प्रवाहाबरोबर खाली येत अहिल्याबाई घाट, मणिकर्णिका, मग शिंदे घाटाच्या पुढे, अशा ठरलेल्या जागी काचेच्या बाटल्यांत पाणी भरायचं. बाटल्या प्रयोगशाळेत भट्टीत भाजून निर्जंतुक केलेल्या असत. बुचावर कागदाची टोपी, त्यावर दोरी. ती दोरी सोडायची ती पाण्यावर गेल्यावरच, कारण या पाण्यातले जंतू पुढे मोजले जात आणि बाहेरचा एक जंतू आत गेला तरी सगळा हिशेब चुके.

त्याहून कडक नियम नोंदीचे होते. आमचे मुख्य डॉक्टर बंगाली, जाड चष्म्याचे, हसण्याची काटकसर करणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं रबर काढून घेतलं. नोंद जागेवर करायची, हात ओला असतानाच. घरी येऊन आठवून लिहायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ आणि शेजारी सही, म्हणजे खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. आभाळ, वारा, नदीची पातळी, काठावर धुणं आहे की म्हशी आहेत की चिता जळते आहे, सगळं लिहायचं. शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात नेहमीपेक्षा वेगळं जे दिसेल ते.

मला हे काम आवडत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही. पण त्या नावेत बसून रोज त्याच घाटांपुढून जाताना जीव गुदमरायचाही. मी बाटलीत भरत होतो ते पाणी सोडून दिलं असतं तर काही दिवसांनी आपसूक कलकत्त्याच्या बाजूला पोचलं असतं. मी मात्र रोज दुपारी परत गल्लीत.

अशात कलकत्त्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी झाली. डॉक्टर म्हणाले, कार्तिकातली गर्दीची नोंद अखंड होऊ दे, मी माझ्या अहवालाबरोबर तुझं नाव धाडतो. मी घरी हे एकदाच बोललो. वडिलांनी पंचांग उघडलं. आत्या उठून आत गेली. ही आत्या वडिलांची मोठी बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आई गेल्यावर माझं सगळं तिनेच केलं होतं.

कोजागरीपासून कार्तिकस्नान सुरू झालं आणि घाट फुलले. आमच्या आकड्यांत मात्र अजब काही दिसू लागलं. असीच्या वरचं पाणी, जे कायम स्वच्छ निघायचं, तेही घाण निघू लागलं. डॉक्टर हरखले. शहराच्या वरच नदी नासते आहे हे दाखवणारे आपण पहिले, म्हणून ते अहवाल लिहायला बसले. एकदा तर ते चक्क हसले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

प्रयोगशाळा पहाटे उघडत नसे, त्यामुळे बाटल्यांची पेटी मी आदल्या संध्याकाळी घरी आणून दाराशी ओट्यावर ठेवी. आत आणायची सोय नव्हती. आत्याचं सोवळं आड यायचं. एकादशीच्या पहाटे असीच्या वर मी पहिल्या बाटलीची दोरी सोडली, बूच काढलं, आणि आत काचेला चिकटलेलं तुळशीचं पान दिसलं. दुसरी उघडली. पान. तिसरी. पान. तळाशी थोडं पाणीही होतं.

नावाडी वाकून बघत होता. "तुलसी क पत्ता हौ बाबू, निकाल के फेंक दा," तो म्हणाला.

तेही करता आलं असतं. पण मला त्या पानाचा असा राग आला होता की लिहिल्याशिवाय राहवेना. शेऱ्यात लिहिलं: बाटल्या आधीच उघडलेल्या, आत तुळस व पाणी, नमुने घेतले नाहीत. नाव वळवायला सांगितली.

आत्या जप करत बसली होती.

"आत्या, माझ्या बाटल्या तू उघडल्यास?"

"उघडल्या काय? शुद्ध केल्या," ती म्हणाली. "मणिकर्णिकेचं पाणी भरतोस त्यांत, आणि ती पेटी कार्तिकात माझ्या दाराशी. मी काय करावं?"

"पण आतून?"

"मग काय बाहेरून? भांडं आतूनच शुद्ध करतात रे. देवघरातलं गंगाजल टाकलं जरासं, हलवून ओतून दिलं, दोरी होती तशी बांधली. तुझ्या कामाला हात नाही लावला."

देवघरातल्या त्या तांब्यात रोज फुलं पडत, बोटं बुडत. "कधीपासून?" मी विचारलं.

"कोजागरीपासून. पान तेवढं कालच टाकलं, आज एकादशी म्हणून."

म्हणजे एक दिवस नव्हे, सगळा कार्तिक नासला होता. आधीचे चार थेंब पहाटेच्या अंधारात मला दिसलेच नव्हते. असीच्या वरची नदी स्वच्छच होती. घाण आमच्या तांब्यातली होती. मी ओरडलो, "वाटोळं केलंस तू माझं! आता कुठलं कलकत्ता?"

आत्याचे हात माळेवर थांबले. "म्हणजे तू जात नाहीस?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो लपवायचंही तिला सुचलं नाही. मला तिचा इतका संताप आला, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही न करता मी बाहेर पडलो.

गल्लीतून जाताना हिशेब करत होतो. आजचा दिवस बुडाल्याचं वहीत होतंच. मागचं कुणाला कळणार होतं? आत्या काही डॉक्टरांना भेटायला जाणार नव्हती. अहवाल गेला असता, त्याच्यामागे मीही गेलो असतो. मी मोठा सत्यवादी होतो अशातला भाग नाही. घरी मी सर्रास थापा मारायचो, त्याशिवाय त्या घरात दिवस जात नसे. पण काय लिहायचं हे ज्या जागी वडील सांगत नव्हते, गल्ली सांगत नव्हती, अशी माझ्या आयुष्यात ती एकच जागा होती. तिथेही आत्याचं गंगाजल घेऊन मी कलकत्त्याला गेलो असतो, तर सुटलो कुठे असतो?

डॉक्टरांनी सगळं उभ्याउभ्या ऐकलं. मग खाली बसून त्यांनी कोजागरीपासूनचं एकेक पान काढलं आणि रूळ धरून प्रत्येक ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी सही. मीही सही केली. त्यांचा अर्धा लिहिलेला अहवाल टेबलावर होता. तो त्यांनी घडी करून खणात टाकला. मला वाटलं, नोकरीही गेली.

"कलकत्त्याला मी दुसऱ्या कुणाचं तरी नाव कळवतो," ते शेवटी म्हणाले. "तुला मी सोडू शकत नाही. हे मला येऊन सांगणारा माणूस इथून गेला, तर मी कुणाच्या नोंदीवर विश्वास ठेवायचा?"

त्यांच्या लेखी ही शाबासकी होती. वर त्यांनी पेटीसाठी एक कुलूप दिलं. किल्ली हरवू नये म्हणून मी ती जानव्याला बांधली.

संध्याकाळी आत्याने शिंगाड्याच्या पिठाचा शिरा केला. वडिलांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. मीही खाल्ला. चांगला झाला होता, आणि तो घशाखाली उतरवताना मला कळून चुकलं की आता हे असंच चालणार.

दुसऱ्या पहाटे असीच्या वर मी पहिली बाटली भरली. आभाळ निरभ्र, वारा नाही, काठावर कुणी नाही, असं एकेक लिहीत शेऱ्याच्या रकान्यापाशी आलो आणि पुढचं दिसेना. कागदावर थेंब पडला, तो मी बाहीने टिपला. नावाड्याने वल्हं थांबवलं.

"का भयल बाबू? आँख में कुछ पड़ गयल का?"

मी मान हलवली आणि लिहिलं: विशेष काही नाही. सगळ्या नोकरीत माझ्या हातून वहीत गेलेलं खोटं तेवढं एकच, आणि त्यावर मी रेघ मारली नाही.