मुळासकट दिलेली चमेली

हमीदाआपा गेल्याचं मला मानोऱ्याहून परतलेल्या शेजारच्या वत्सलानं सांगितलं, एसटी स्टँडवर. खोटं कशाला लिहू, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, ही बातमीसुद्धा हिलाच आधी कळावी...

आमच्या अनसिंगला आपाच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं आणि मागच्या अंगणात पिवळी चमेली. थंडी सरता सरता ती फुलांनी वाकून जाई. बहात्तरच्या दुष्काळात आपानं तिला भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवलं. पावसाळ्यात ती एखादी लांब फांदी वाकवायची, थोडी साल खरवडून मातीत दाबायची आणि वर वीट ठेवायची. मुळं फुटली की फांदी तोडून डब्यात लावायची. असं तयार रोप वत्सलाला मिळालं. मला मिळाल्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या. माझा नुसता जळफळाट झाला. काड्या मी ओसरीवर तशाच वाळू दिल्या आणि आपानं विचारलं तेव्हा म्हटलं, "लागल्या की." दुकान सोडून ती सहसा कुठे जात नसे, म्हणून निभावलं.

वर्षभरानं मात्र राहवेना. "आपा, वत्सलाले डबा अन् मले काड्या, काहून?"

ती हसली. "तिच्या हातानं काडी जगत नाही, म्हून तिले मुळासकट द्या लागते. तुले कायले? तुह्या हातानं वाळली काडीबी फुटते."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी चहाचे कप विसळत बसले.

पुढे दुकान मानोऱ्याला गेलं. आपानं झाड मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधून नेलं, पण तिथे ते जगलं नाही. मग वत्सलाबरोबर निरोप आला, "शोभाले म्हना, तिच्या चमेलीची एक फांदी धाड." निरोप सांगताना वत्सलानं माझी रिकामी भिंत पाहिली. "पावसाळ्यात देईन," मी म्हटलं. तिच्या कुंपणावर चमेली लोंबत होती. एक फांदी मागितली असती तर काय बिघडलं असतं? पण तिच्यापुढे हात पसरायचा... दोन पावसाळे तसेच गेले.

आपाचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी मानोऱ्याला गेले. दाराशी चमेली होती, चांगली खांद्याएवढी. आपाचे मालक म्हणाले, "तुमीच धाडली ना, वत्सलाबाईसंगं? हमीदा येनाऱ्याले सांगे, माह्या शोभानं देली म्हून."

मी "हो" म्हटलं.

वत्सलाला मी अजून काही बोललेले नाही. काडी न जगणाऱ्या हातांनी तिनं फांदी दाबली, मुळं फुटायची वाट पाहिली, नेऊन दिली आणि वर माझं नाव सांगितलं. तिनं माझी लाज राखली, हे कळतं मला. तरी हेवा काही जात नाही, कारण तिच्या जागी मी असते तर स्वतःचंच नाव सांगितलं असतं.