जाम झालेला चाकू

मंडळी, आज सकाळी बाबांचा घडीचा चाकू दुरुस्त केला. तुमच्या पेरूला आम्ही उज्जैनचे लोक जाम म्हणतो. तर जाम कापायचा हा चाकू स्वतःच जाम झाला होता.

सांध्यात रॉकेल सोडलं, गंज राखेने घासला आणि लोणच्याच्या बरणीच्या खरखरीत बुडावर धार लावली. बाबा खूश. म्हणाले, "देवास गेटवरून जाम घेऊन ये."

निघताना आई हळूच म्हणाली, "मीच गंजू दिला होता रे. त्यांचे हात थरथरतात, दिसत नाही का तुला?"

जाम आणले. चाकू हातात देत नाहीत, म्हणून बाबांसमोर टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचललाच नाही.

"धार तू लावलीस, आता तूच काप."

त्यांनी आईचं बोलणं ऐकलं असेल का?