एका घोसाला एकच फळ

बसून राहणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवाने हिला खाली पाठवलीय. अशा बाईला महिनोन्‌महिने 'बस गो, हलू नको, वाकू नको' ऐकावं लागलं तर तिचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. मी तेव्हा विशीत होते, सासर रत्नागिरीत, आणि मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या दोन्ही खेपांना अर्ध्यातच सगळं संपलं होतं. या वेळी डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, सांभाळा, पुन्हा तसंच झालं तर बाईच्या जिवावर बेतेल. बाजूला घेऊन सांगितलं तरी मला ऐकू आलंच. माझे कान तिखट.

माहेर हेदवीकडे. मध्ये खाडी, होडी, पुढे बैलगाडीचे धक्के, म्हणून माहेरी जायचं नाव नको. घरात आम्ही तिघंच. हे सकाळी जेवून कचेरीत जायचे, की दिवसभर मी आणि सासूबाई. कळशी उचलली की 'ठेव'. केरसुणी घेतली की 'ठेव'. एकदा मी म्हटलंच, "आई, मी काय खुडूक कोंबडी आहे, टोपलीखाली झाकून ठेवायला?" भटाच्या घरात कोंबडीचा दाखला! त्यांनी कानांवर हात ठेवले आणि हे हसू दाबत पडवीत सटकले.

पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या आणि ह्यांचा एक मित्र मुंबईहून येताना बियांची पुडी घेऊन आला. पुडीवर चित्र होतं: एक भलाथोरला लालभडक टोमॅटो, आणि शेजारी त्याचीच कापलेली चकती. आमच्या बाजारात तेव्हा टोमॅटो कधीमधी दिसायचे ते लिंबाएवढे, आंबटढाण. हे मात्र मुंबईला त्या मित्राकडे असली चकती खाऊन आले होते. "एक चकती अख्ख्या पोळीभर होते," असं सांगताना ह्यांचे डोळे मोठे व्हायचे. मला म्हणाले, "तुझ्या हातांना चाळा हवा ना? घे. बसल्या जागी होणारं काम आहे." सासूबाईंनी पुडी लांबूनच बघितली. "विलायती वांगी. बघा मेली, रंग कसा मांसासारखा." पण हरकत घेतली नाही. सून एका जागी बसतेय एवढ्यावर त्या खूश होत्या.

नवरात्रात फुटक्या मडक्याच्या बुडात मी बी टाकलं. आमच्याकडे खाली सगळा कातळ. माती म्हणजे पाटीने आणून टाकलेली, तीच. ह्यांनी परसात दगडी गडग्याच्या कडेला आळी केली, माती, शेणखत, चुलीतली राख घातली. रोपं वीतभर झाली तशी मी पाटावर बसून एकेक लावलं. पाणी हे रहाटाने काढून ठेवायचे, मी तांब्याने घालायची. बगलेत फुटवे आले की काढायचे, केळीच्या सोपाने झाड काठीला बांधायचं. बोटं हिरवी-पिवळी व्हायची, तो उग्र वास साबणानेही जायचा नाही. मला आवडायचा तो. निदान दिवसभरात मी काहीतरी केलं याची खूण तरी.

पण धीर हा प्रकार माझ्याकडे नाही. सकाळी बघितलेलं झाड दुपारी पुन्हा बघायचं, संध्याकाळी परत. पोटावर हात ठेवायचा, हललं का? झाडाकडे बघायचं, वाढलं का? तिकडून हाक यायचीच, "अगो, उन्हात काय करत्येस?"

पौषात घोसाघोसाने फळं धरली आणि भांडणाला तोंड फुटलं. पुडीच्या मागे इंग्रजीत सूचना होत्या, त्या ह्यांनी वाचून दाखवल्या: फळ मोठं हवं तर एका घोसाला एकच ठेवा, बाकीची कोवळी असतानाच खुडा. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "खबरदार. पोटुशा बाईच्या घरात कच्चं फळ खुडायचं नाही."

"मग मी खुडतो," हे म्हणाले.

"तू बाप ना? तूही नाही."

"अहो आई, मग सुपारीएवढी राहतील सगळी!" मी म्हटलं.

"राहू देत. मला फळ मोठं नको, नातवंड हवंय."

हे कचेरीत निघून गेले. मी मात्र आतल्या आत धुमसत राहिले. कसली कच्ची फळं आणि कसलं काय! खरं सांगायचं तर राग त्यांचा कमी आणि माझाच जास्त येत होता. कारण त्या झोपलेल्या असताना मी दोनदा झाडापाशी गेले होते आणि दोन्ही वेळा माझाच हात उचलला नव्हता. तोंडाने मी शूर होते, एवढंच.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आळीतल्या बायका आल्या, तिळगूळ झाला. मी माजघरात तबक भरत होते. बाहेर कुणीतरी विचारलं, हिचं डोहाळजेवण कधी? सासूबाई हळूच म्हणाल्या, "यंदा नाही करत्ये. आधी नीट पार पडू दे." आणि त्यावर एक लांबलचक 'बिचारी!' आलं. कोण म्हणालं ते मला आजही सांगता येईल. मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. बिचारी कोण? मी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तबक घेऊन मी बाहेर गेले, हसले, सगळ्यांना तिळगूळ दिला आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी परसात गेले. सासूबाई विहिरीच्या धोंडीवर धुणं घेऊन बसल्या होत्या. मी पहिल्या झाडापाशी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "आई, हे बघा. खुडत्ये." आणि खुडलं. एकदा हात चालला तो थांबेना. घोसातलं एक ठेवायचं, बाकीची चिमटीने मोडून टाकायची. टपाटप खाली. एक झाड, दुसरं, तिसरं. पायांशी हिरवा खच पडला. रडत होते की काय ते आठवत नाही, दात मात्र आवळले होते.

त्या ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. उत्तरही तयार होतं. पण त्या ओरडल्या नाहीत. हातातलं लुगडं तसंच टाकून उठल्या, माझ्याजवळ आल्या, वाकल्या आणि खाली पडलेलं एकेक फळ ओच्यात गोळा करायला लागल्या. मातीत एकही राहू दिलं नाही. मग ओचा धरून केळींमागे गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या तेव्हा हाताला माती होती. माझ्याशी एक अक्षर नाही. उरलेलं धुणं धुऊन टाकलं आणि आत गेल्या.

त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून 'ठेव', 'बस' सगळं बंद. पहाटे उठून देवाला जायच्या, आल्यावर अंगारा माझ्या कपाळाला लावायच्या, तोही न बोलता. मला वाटलं, मनातून जळताहेत माझ्यावर. आणि माझी तर झोपच उडाली. ओटीवरून पडवीत, पडवीतून परसात, माझी येरझार थांबेना. झाडांवर एकेकटं राहिलेलं फळ रोज फुगत होतं. हे खूश, मोठ्या कौतुकाने हाताचं माप लावायचे. मला मात्र ते बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

एका रविवारी सकाळपासून पोटात काही हलेना. मी पाणी प्याले, डाव्या कुशीवर झाले, उठून चालले, पुन्हा आडवी झाले. काही नाही. जेवणाची पानं घ्यायची वेळ झाली तरी काही नाही. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "आई, हलत नाहीय." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सासूबाई सोवळ्यात होत्या. चुलीवर भात होता. सोवळं-ओवळं सगळं सोडून त्या आल्या, मला खाली निजवलं आणि पोटावर हात ठेवून बसल्या. भात करपल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत. आणि मग आतून असा काही दणका बसला की त्यांचा हात उडालाच. "मेली!" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून चुलीकडे पळाल्या. त्या दिवशी आम्ही तिघांनीही करपका भात खाल्ला आणि कुणी नाव ठेवलं नाही.

शिमगा झाला आणि दिवस पुरते भरून मी बाळंत झाले. भर दुपारी, सुईण 'मुलगी' म्हणते न म्हणते तोवर मुलीने असा टाहो फोडला की गडग्यापलीकडच्या शेजारणीने तिथूनच विचारलं, "काय झालं हो?" हे कचेरीतून धावत आले. बाळंतिणीच्या सोयरात आत यायची बंदी, म्हणून हे खिडकीखाली उभे. मुलीला खिडकीशी धरली तर हे खालून एक टोमॅटो वर धरून दाखवायला लागले. लाल, मोठा, त्यांच्या पंजात मावत नव्हता. मी हसून हसून मेटाकुटीला आले. कुणाचं काय आणि कुणाचं काय!

बारसं झाल्यावर तो कापला. चकती खरंच ताटलीभर झाली. ह्यांनी मीठ-मिरपूड लावून डोळे मिटून खाल्ली. बाळंतिणीला आंबट नको म्हणून मला एक फोडही मिळाली नाही. माझे सगळे कष्ट, आणि मी डिंकाचा लाडू चघळत बसले! पण त्या दिवशी मला त्याचाही राग आला नाही.

त्यानंतरची एक सकाळ. सासूबाई न्हाणीत पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर पोर पालथी. तेल लावून झालं होतं, पाणी चाललं होतं. पोर गळा काढून ओरडत होती, लाथा झाडत होती. मी दारात पंचा घेऊन उभी.

"तू तर ओचाभर खुडलीस," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

झालं, आता निघालं, असं मला वाटलं. "हो, खुडली. मग?"

"आणि ही बघ. कशी लाथ मारत्ये."

त्यांनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी एकच कैरी पाडली होती गो," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी. सहावा लागला होता. आंबटाचे डोहाळे. राहवेना, काठीने एक पाडली नि मीठ लावून खाल्ली. तिसऱ्या दिवशी गेलं सगळं. मुलगा होता. माझ्या सासूबाई म्हणाल्या, कच्चं पाडलंस, कच्चंच गेलं. मी म्हटलं, खरंच आहे. तेव्हापासून मी कुणापाशी बोलल्ये नाही."

इतके महिने मी या बाईवर दात खात होते.

"मग ते कैरीमुळे नसेल ना गेलं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. कैरीमुळे नव्हतं."

"तुला काय कळतं," त्या म्हणाल्या आणि तांब्या भरून पोरीच्या पाठीवर धार धरली. धार संपली. रिकामा तांब्या तसाच हातात धरून त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"नक्की ना गो?"