तुझा पाय काय म्हणतो?

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजाहून दुबईला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांच्या मधोमध अडकलो होतो. सकाळचे पावणेनऊ. फोन दादाच्या ऑफिसमधून होता, दुबईतल्या देरा भागातून. बोलणारा माणूस हिंदीत एवढंच म्हणाला, "आप जल्दी आ जाइए, अरविंद सर को हॉस्पिटल लेके गए हैं." त्याच्या आवाजावरूनच मला काय ते कळलं. जल्दी कसला येतोय… पुढची गाडी दोन हात सरकायची, मग मी दोन हात सरकायचो. उजवा पाय ब्रेकवर होता, आणि डावा पाय, ज्याला माझ्या ऑटोमॅटिक गाडीत काही कामच नसतं, तो एकसारखा हलत होता. ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. कुठे टेकलो की डावा पाय हलायला लागतो. आई म्हणायची, पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी जाते. दादा काही म्हणायचा नाही, नुसता पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवायचा. हॉस्पिटलात पोचायला मला एक तास दहा मिनिटं लागली. तोवर सगळं आटोपलं होतं.

त्या दिवशी दादा टॅक्सीने ऑफिसला गेला होता, कारण त्याची गाडी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात इस्माईलभाईंच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर होती. गिअरबॉक्स खाली उतरवलेला, क्लच काढलेला. पुढचे सहा आठवडे ती तशीच वर राहिली. एका प्रश्नाचं उत्तर यायचं होतं, आणि ते उत्तर मी द्यायचं होतं. दादाबद्दल लिहा असं मला चार जणांनी सांगितलं. पण त्याचं अख्खं आयुष्य मांडणं मला जमायचं नाही, एका जागी तेवढा वेळ मी बसूच शकत नाही. मी त्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आम्ही चिंचवडचे. वडील कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करायची. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, म्हणजे निम्मा बापच. तो आधी इकडे आला, जम बसवला, मग मला बोलावून घेतलं. विमानतळावर घ्यायला आला तो हीच गाडी घेऊन, तेव्हा ती नवीन होती. इथे जो तो ऑटोमॅटिक घेतो, आणि याने हट्टाने गिअरची घेतली. मी विचारलं, "रोज अजमानच्या घरून देऱ्याच्या ऑफिसला, एवढ्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसायचं? वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला, "गाडीला काय वाटतंय ते पायाला कळायला नको का?" गाडीला काही वाटतं यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.

सुट्टीच्या दिवशी खोरफक्कानच्या बाजूच्या डोंगरात तो मला घेऊन जायचा आणि रस्ता मोकळा मिळाला की गाडी कडेला लावून तोंडी शिकवणी सुरू; मला लायसन्स नव्हतं, म्हणून स्टीअरिंग कधी हातात द्यायचा नाही. इंजिनच्या मागे एक जाड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील. ते इंजिनबरोबर सतत फिरत असतं. क्लच सोडला की प्लेट त्या चाकाला जाऊन भिडते आणि गाडी चालू लागते. हे तो दोन्ही तळव्यांनी करून दाखवायचा. एक तळवा गोल फिरवायचा आणि दुसरा हळूच त्याच्याजवळ न्यायचा. "आधी नुसता स्पर्श. मग भार. तू क्लासच्या गाडीत एकदम थोबाडीत मारल्यासारखा सोडत असशील." हलकं चाक आणि जड चाक यातला फरक त्याने आईच्या शिलाई मशीनवरून सांगितला होता. आईच्या मशीनचं चाक ओतीव लोखंडाचं होतं, पाय थांबला तरी ते चार टाके पुढे घालायचं. शेजारच्या काकूंच्या मशीनचं चाक हलकं. पटकन वेग घ्यायचं आणि पाय जरा चुकला की जागच्या जागी अडायचं. "काकूंचा पाय तयार होता म्हणून त्यांना ते चालायचं," दादा म्हणायचा. त्याला स्वतःला गाडीत हलकं चाक हवं होतं. डोंगरात ॲक्सिलरेटरला नुसता अंगठा लावला की इंजिनने उसळी घ्यावी, हे त्याचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं, आणि वहिनी त्याला 'त्यांचं म्हातारपणीचं खूळ' म्हणायची.

मी लायसन्ससाठी आधी गिअरच्या गाडीवरच टेस्ट दिली. तीनदा नापास. तिन्ही वेळा गाडी बंद पडली, शेवटच्या वेळी चढावर, मागे बस उभी असताना. परीक्षक म्हणाला, "खलास, खलास. यल्ला, पीछे बैठो." मी घामाघूम होऊन मागे बसलो आणि दुसऱ्याच दिवशी ऑटोमॅटिकसाठी अर्ज दिला. असं लायसन्स मिळालं की इथे गिअरची गाडी चालवताच येत नाही, कायद्यानेच बंदी. पास झालो तेव्हा दादा मिठाई घेऊन शारजाला आला. माझ्या बायकोच्या हातात बॉक्स देत म्हणाला, "अभिनंदन, याचा डावा पाय रिटायर झाला." सगळे हसले, मीही हसलो. पण मला ते लागलं होतं. त्यानंतर गाडीचा विषय निघाला की तो माझ्या पायाची चौकशी करायचा. पाय काय म्हणतो, पेन्शन मिळते का पायाला… माणूस मोठा गमत्या होता, पण एकच गंमत बारा वर्षं करायचा. आणि मी बारा वर्षं चिडायचो.

यंदा त्या गाडीचा क्लच गेला. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी काही वेग घ्यायची नाही. दादाला आनंदच झाला. त्याने हलकं चाक आणि त्याच्या जोडीची कडक क्लच प्लेट मागवली, खोकं मांडीवर घेतल्याचा फोटो मला पाठवला, आणि गाडी इस्माईलभाईंकडे टाकली. मग एका सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. माझी मीटिंग सुरू व्हायची होती.

"विन्या, एक विचारायचंय. हलकं टाकू की जुनंच जड चाक साफ करून घेऊ? तुझा पाय काय म्हणतो?"

मी म्हणालो, "दादा, मी कामात आहे. तुझी गाडी, तुझा क्लच. माझ्या पायाचा काय संबंध?"

"बरं," म्हणाला. "कर काम. मग बोलू."

बुधवारी सकाळी तो गेला.

त्या 'बरं'चा मी किती वेळा विचार केला असेल… आळंदीला अस्थी सोडून आलो, ऑफिसला जायला लागलो, त्याच रस्त्यावर त्याच गर्दीत रोज अडकायला लागलो, आणि रोज कुठल्या ना कुठल्या सिग्नलला ते 'बरं' कानात यायचं. तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. आयुष्यभर माझे निर्णय त्याने घेतले, कॉलेज कुठलं, नोकरी कुठली, भाड्याने घर कुठे घ्यायचं. त्याने मला काही विचारल्याचं मला दुसऱ्यांदा आठवत नाही. एकदाच विचारलं आणि मी त्याला मीटिंग सांगितली. ती मीटिंग कशाबद्दल होती हेसुद्धा आता आठवत नाही, याची मला लाज वाटते.

दर शनिवारी इस्माईलभाईंचा फोन यायचा. "विनयभाऊ, गाडी वर आहे. काय करायचं ते एकदा सांगा." मी म्हणायचो, वहिनीला विचारून सांगतो. वहिनीला विचारलं तर ती म्हणायची, "भाऊजी, मला त्यातलं काय कळतं? तुम्हीच बघा." पुतणी सानिका, तिचं म्हणणं सरळ होतं: "काका, जस्ट सेल इट. नोबडी ड्राइव्ह्ज मॅन्युअल." विकायची म्हटली तरी आधी जोडायला हवी, आणि जोडायची म्हटली की प्रश्न तोच. एकदा मी गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि यू-टर्न मारून घरी आलो. बायकोने विचारलं, काय ठरलं? मी म्हणालो, गॅरेज बंद होतं. अशा थापा मारायचं माझं वय राहिलेलं नाही.

सहाव्या आठवड्यात शेवटी गेलो. इस्माईलभाई मूळचे चिपळूणजवळचे, साठीच्या पुढचे, दादाइतकेच उंच. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, दुआ पुटपुटली आणि मला थेट बाकापाशी नेलं. बाकावर दोन चाकं शेजारी ठेवलेली. एक नवं, चकचकीत, एका हाताने उचलता येईल असं. दुसरं जुनं, दादाच्या गाडीचंच, तापून तापून जागोजागी निळे डाग पडलेलं. मी ते उचलायला गेलो आणि मनगटात कळ आली.

"हे खरवडून साफ होतं," ते म्हणाले. "अजून लाख किलोमीटर जाईल, इन्शाल्ला. हे नवं साहेबांचं खूळ. त्या सोमवारी मी हेच बसवायला घेतलेलं. साहेब इथंच खुर्चीवर बसलेले. एकदम म्हणाले, थांबा इस्माईलभाई, धाकट्याला विचारतो."

"मला विचारून काय होणार होतं? मला यातलं काय कळतं?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला बोलले नाहीत? मार्चमध्ये कायमचे चिंचवडला चाललेले ना. म्हणाले, गाडी विन्याला देणार, त्याला परत टेस्टला बसवणार. पण हलक्या चाकावर तो परत बंद पाडेल, आणि परत चिडून सोडून देईल. त्याच्या पायाला कुठलं झेपेल ते त्यालाच विचारतो… तुमचा फोन झाल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणे, कामात आहे, नंतर सांगेल. त्याला ठरवू दे."

मी दादाच्या त्या खुर्चीवर बसलो. रडलो. गॅरेजमध्ये माणसं होती, पाने-हातोड्यांचा आवाज चालू होता, कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मनात आलं, हलकंच बसवावं. त्याचं स्वप्न होतं ते, निदान गाडीला तरी मिळू दे. तसं मी बोललोही. इस्माईलभाई म्हणाले, "बसवतो. मग चालवणार कोण? भाऊ, हलकं टाकलं तर ती साहेबांची गाडी. जड टाकलं तर तुमची. साहेबांनी तर विचारून ठेवलंय."

"जड टाका," मी म्हणालो. इतक्या उशिरा दिलेलं उत्तर… पण दिलं.

कागद वहिनीच्या नावावर होईपर्यंत गाडी रस्त्यावर नको, म्हणून इस्माईलभाईंनी ती बंद गाड्या उचलून नेणाऱ्या रिकव्हरीच्या ट्रकवर घालून अजमानला पाठवली. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा ती बिल्डिंगखाली, दादाच्या नेहमीच्या जागेत उभी होती. वहिनीने किल्ली आणून दिली आणि ती शेजारच्या सीटवर येऊन बसली. मी पहिल्यांदाच त्या गाडीत स्टीअरिंगच्या मागे बसत होतो. क्लचवर पाय ठेवला. दादा सहा फुटी, मी हा एवढा. पेडल अर्ध्यावर गेलं आणि पाय संपला. 'शेवटपर्यंत दाबायचा, अर्धवट दाबलास की प्लेट घासते,' हे त्याने मला शंभर वेळा सांगितलेलं. मी सीटच्या कडेपर्यंत सरकून बघितलं, पाठ सोडून बघितलं. सीट त्याच्या मापाला होती, आणि ती पुढेमागे करायच्या खालच्या दांडीला हात लावायचं माझ्याने होईना. डावा पाय हलायला लागला.

वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तशीच म्हणाली, "भाऊजी, सीट पुढे घ्या."

"राहू दे वहिनी, नंतर घेईन."

"हे गेलेत. त्यांची जागा राखून ठेवून काय होणार आहे?" तिने खालच्या दांडीकडे बोट दाखवलं. "तुम्हाला द्यायची म्हणून किती खूश होते, माहीत आहे? घ्या पुढे."

मी खाली वाकून दांडी ओढली. सीट खटाखट चार खाचा पुढे आली. क्लच दाबला. पेडल तळाला टेकलं, आणि पाय हलायचा थांबला.

मग, दादा नेहमी ठेवायचा तसा, मी माझाच पंजा त्या गुडघ्यावर ठेवला. पाय काय म्हणतो ते विचारायला आता फोन येणार नाही. टेस्टचा अर्ज मी कालच भरला.